निशाण गेणभाऊंच्या हातात

माझे सासरे बैलगाड्याची शर्यत डोळ्यांनी बघत नाहीत, टोपीनं बघतात. गाडा सुटला की टोपी डोक्यावरून हातात येते, बैल अर्ध्यावर आले की ती हवेत गरगर फिरते, आणि शेवटच्या रेषेजवळ पोचतात न पोचतात तोच टोपी जमिनीवर आपटते. "गेला! गेला! गेला!" शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत मोबाईलवर जुन्या बाऱ्या, म्हणजे एकेका गाड्याच्या धावा, बघतानाही हेच चालायचं. सासूबाई चुलीपुढून ओरडायच्या, "बैल पोचायच्या आदी तुमीच पोचताय! त्यांना तरी पोचू द्या की!"

गाव त्यांना गेणभाऊ म्हणतं, मी दादा म्हणते. आमची वस्ती पिंपळवंडीच्या अंगाला. ऊस, कांदा, थोडी टोमॅटो. वर्षभर दादा शेतात राबतात आणि यात्रांचे दिवस आले की राबणं आमच्यावर टाकून घाटाघाटानं हिंडतात. स्वतःचा गाडा त्यांनी कधी पळवला नाही. पण गाडामालकाचं बीपी वाढत नसेल तेवढं ह्यांचं वाढतं.

ज्यांनी आमचा घाट पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते. घाट म्हणजे चढाची सरळ धावपट्टी. गाड्याला चार बैल, गाड्यावर माणूस नाही, पुढं एक घोडी पळते. वर चुन्याची रेषा, आणि तिथं हातात झेंडा घेऊन उभा असतो निशाणवाला. बैलांनी रेषा ओलांडली की त्यानं निशाण पाडायचं, निशाण पडलं की घड्याळ थांबवायचं. ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, तो घाटाचा राजा. आता एवढ्या साध्या कामात भांडण कसलं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एक दिवस आमच्या घरी चहाला यावं.

कारण माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडं, आणि माझे वडील ज्ञानेश्वर, म्हणजे आमचे आण्णा, ह्यांनाही तोच आजार. फक्त गाडा दुसरा. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आत दोघा व्याह्यांचं एका जुन्या निशाणावरून वाजलं होतं. भटजी थांबले होते, मी हार हातात घेऊन उभी होते, आणि हे दोघं मांडवाच्या खांबाला रेषा समजून बैल कुठं होते ते दाखवत होते.

त्यात हरण्याचं प्रकरण झालं. हरण्या आण्णांच्या गोठ्यात जन्मलेला खोंड, नावही मीच ठेवलेलं. पळायला लागला तसा वारा मागं पडायचा. आमच्या बाजूचे गाडामालक गोकुळशेठ बैल असे आणतात जशा काही बायका साड्या आणतात; कर्नाटकातून आण, साताऱ्याकडून आण, दिसला की घे. त्यांनी हरण्या बघितला आणि आण्णांना नाही म्हणता येणार नाही अशी किंमत बोलले. आकडा सांगत नाही; आण्णांच्या घरावर स्लॅब पडला एवढं सांगते.

बैल गेला, पण वाद घरात आला.

"तुमचा गाडा म्हंजी भाड्याची वरात हाय, पावणं," आण्णा आमच्या ओट्यावर बसून म्हणाले. "बैल आमचा, घोडी राजुरीची. तुमचं काय त्यात? नुसता उधळायचा भंडारा!"

"मग इकला कशाला? आमी काय रातच्याला सोडून आणला व्हता?" दादा म्हणाले.

"इकला म्हणून काय झालं? पोरगी बी दिलीच की तुमाला. म्हणून ती आमची न्हाई व्हय?"

मी चहा घेऊन दारात उभी. मला राग आला, हसूही आलं. "आण्णा, हरण्याला देताना तुम्ही निदान गोठा बघून आला होतात," मी म्हटलं, "माझ्या वेळी तेवढंही केलं नाही." सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या यात्रेत दादांनी निशाणवाल्याला भर घाटात "झोपाळू" म्हटलं, त्याच्या आधीच्या वर्षी एकाला "चोर" म्हटलं होतं. यात्रा कमिटी शेवटी वैतागली. यंदा चार माणसं घरी आली आणि म्हणाली, "गेणभाऊ, लई झालं. औंदा निशाण तुमीच धरा."

दादांचा चेहरा मी तेवढा उतरलेला कधी पाहिला नव्हता. पण नाही म्हणतील तर ते गेणभाऊ कसले!

बातमी माहेरी पोचायला वेळ लागला नाही. आण्णांचा फोन आला, स्पीकरवर. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! झालं, आमचा गाडा आता घरीच ठिवतो."

"पावणं," दादा शांतपणे म्हणाले, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली, "माझं निशाण केसभर जरी चुकलं ना, तर पुन्यांदा घाटावर पाय ठिवणार न्हाई. शब्द हाय."

फोन बंद झाला. घाट सुटला तर ह्या माणसाचं काय उरणार? आणि ह्यांचं निशाण आमच्या बाजूला झुकलं असं आण्णांना एकदा वाटलं, की ते ह्या घराची पायरी चढणार नाहीत. म्हणजे त्या झेंड्याच्या फडक्याला माझं माहेर बांधलेलं होतं.

दादांनी तयारी केली. काठीला लाल फडकं बांधून बांधावर उभे राहायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या मोटरसायकलींना निशाण पाडायचे. यात्रेच्या सकाळी सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. "ही घरी राहूंद्या. टोपी न्हाई तर आपटायचं बी न्हाई." दादांना पटलं. ते बोडक्या डोक्यानं घाटावर गेले. टोपी घरी राहिली, हात मात्र बरोबर गेला, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आणि काय निशाण धरलं हो त्यांनी! उन्हात घाम निथळत होता, स्पीकरवर "भिर्रर्र" घुमत होतं, गाड्यांवर गाडे येत होते, आणि हा माणूस खांबासारखा उभा. बैलांचा पाय रेषेवर आणि निशाण खाली. दुपारपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. आण्णांच्या लाडक्या गाड्याची बारी आली तेव्हा तर मी डोळेच मिटले. उघडले तर निशाण अगदी नेमकं पडलेलं, वेळ दिवसभरातला सगळ्यांत कमी, आणि समोरच्या कडेला आण्णा उपरणं फिरवत नाचतायत. मला इतका अभिमान वाटला सासऱ्यांचा, की मी सासूबाईंचा हातच दाबला.

शेवटची बारी गोकुळशेठची. पुढच्या जोडीत हरण्या.

गाडा सुटला आणि सगळा घाट उभा राहिला. हरण्यानं मान खाली घातली, घोडीच्या शेपटीला तोंड लावलं, खालून धुळीचा लोट, वर पिवळा भंडारा. "हरण्या! हरण्या!" मी गळा काढून ओरडत होते, सासर-माहेर कुठलं काय. बैल रेषेजवळ आले. निशाण पडलं. घड्याळ थांबलं. स्पीकर फुटेल असा आवाज आला, "घाटाचा राजा... गोकुळशेठ!"

लोक एकमेकांच्या अंगावर पडले. मीही उड्या मारल्या. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "आदी पोचले."

मी वर बघितलं. दादा स्वतःच्या हाताकडं बघत उभे होते. टोपी आपटावी तसं निशाण त्यांनी जमिनीवर आपटलं होतं.

मोबाईल शेकड्यांनी होते, पण सगळे हरण्यावर रोखलेले, आणि मधे भंडाऱ्याचा पडदा. कुणाला काही कळलं नव्हतं. गप्प बसले असते तर गावानं खांद्यावर घेऊन मिरवलं असतं. दादांनी गर्दीतून वाट काढली आणि निवेदकाच्या हातातला माईक घेतला.

"भंडारा थांबवा. निशाण चुकलं. बैल कासराभर मागं व्हते. हात माझा, चूक माझी. ही बारी धरू नका."

कासरा म्हणजे बैल आवरायचा दोर. आमच्याकडं घाटातलं अंतर त्यानंच सांगतात. मग गोकुळशेठची माणसं अंगावर आली. "गेणभाऊ, गाव कोणतं तुमचं?"

"गाव हेच हाय. पर निशाण घाटाचं हाय," दादा म्हणाले.

दमलेल्या बैलांना पुन्हा पळवता येत नाही. कमिटीनं बारी बाद केली आणि राजा ठरवला माझ्या माहेरचा गाडा. माहेरची पोरं आण्णांना उचलायला धावली. आण्णांनी त्यांना ढकललं आणि लालबुंद होऊन दादांपुढं येऊन उभे राहिले.

"कोण म्हणतं निशाण चुकलं? माझ्या हरण्यानं रेष वलांडली व्हती! म्या ह्या डोळ्यांनी बघितली!"

"पावणं, तुमचा गाडा जिकला की वो!" दादा चक्रावले.

"गाडा गेला खड्ड्यात! पोराचा वेळ कापता व्हय माझ्या? निशाण बराबर व्हतं!"

"चुकलं व्हतं!"

"बराबर व्हतं!"

लोक आळीपाळीनं दोघांकडं बघत होते. मी हसता हसता रडायला लागले. इतकी वर्षं एकमेकांच्या निशाणवाल्याला चोर म्हणणारे हे दोघं आज एकमेकांच्या बाजूनं भांडत होते, आणि तेही तेवढ्याच तावानं.

शेवटी दादांनी झेंडा कमिटीच्या हातात दिला आणि घाट उतरले. खाली आंब्याखाली बैल बांधले होते, आम्ही सगळे त्यांच्या मागोमाग तिथं पोचलो. आण्णांचा आवाज ऐकून हरण्यानं कान टवकारले आणि मान त्यांच्या छातीत घातली. आण्णा त्याच्या गळ्याला हात घालून बराच वेळ उभे होते. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

सासूबाईंनी पिशवीतून टोपी काढली. घरी ठेवते म्हणाल्या होत्या, पण बरोबरच आणली होती. दादांनी ती हातात घेतली, पण घातली नाही. "आता कशाला? शब्द दिलाय. घाट सपला माझा."

"आन मी भांडू कुणासंगं?" आण्णा एकदम म्हणाले. "ह्या बैलासंगं?"

दादा टोपीची घडी उलगडत, मिटत राहिले.

"शब्द केसभर चुकीसाठी व्हता," आण्णा हरण्याच्या पाठीवरचा भंडारा झाडत म्हणाले, "कासऱ्याचा न्हाई. आन कासरा तरी कुठला? अर्धाच व्हता."

दादांनी मान वर केली. टोपी डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली.

"पाऊण," ते म्हणाले.