दुसऱ्या खाचेतली रॅम

अकोल्यात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान थाटून मला तीन वर्षं झाली होती, तरी काउंटरवर मुलगी पाहून नवं गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचंच, "मिस्त्री कुठी आहे?"

एका बाईंनी मात्र तसं कधी विचारलं नाही. त्या निवृत्त शिक्षिका. ज्या घरच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली, त्या घरातल्या बायकांचं म्हणणं त्या गावोगाव फिरून कॅमेऱ्यात टिपायच्या. ते व्हिडिओ उघडले की त्यांचा लॅपटॉप अडकायचा, म्हणून मी त्यात दोन जीबीची आणखी एक रॅम बसवून दिली होती. आठवड्याच्या आत त्या परत आल्या.

"हे तर पयल्यापेक्षा जास्त अडकून राहिलं. परवा अमरावतीले महसुलाच्या साहेबाइसमोर व्हिडिओ दाखवाचे आहे मले."

चालू करून पाहिलं. चारऐवजी दोनच जीबी दिसत होते. जरा हलवलं की चार दिसत आणि लगेच पडदा निळा होई.

"रॅम खराब निघाली," मी ठामपणे सांगून टाकलं आणि दुसरी नवी लावली. तरी तेच.

मग मी घाई सोडली. नवी रॅम एकटीच पहिल्या खाचेत लावली, चालली. जुनी पहिल्या खाचेत चालत होतीच, पण एकटीच दुसऱ्या खाचेत लावली, तर पडदा काळा. म्हणजे दोन्ही रॅम चांगल्या, खोट दुसऱ्या खाचेत.

"बोर्ड गेला काय?" बाईंनी विचारलं.

"तसं मी इतक्यात म्हणत नाही."

भिंग लावून पाहिलं, तर खाचेच्या तळाशी पांढरं काहीतरी होतं. चिमट्यानं ओढलं. कापसाचे तंतू, दाबून घट्ट झालेले.

"तुमी हे घेऊन बसता कुठी?"

"त्या बायकाइच्या घरात. भाव वाढीन म्हून खोलीभर कापूस भरलेला असते. बसाले तेवढीच जागा."

आतला पंखा ते तंतू ओढत होता आणि इतके दिवस रिकाम्या असलेल्या खाचेत ते साचले होते. मी रॅम बसवताना खाच न पाहताच ती वरून दाबली होती. चूक माझी होती, तसं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आता साफ कर."

ब्रशनं आणि हवेनं दोन्ही खाचा स्वच्छ केल्या. दोन्ही रॅम लावून दीड तास चाचणी चालवली. एकही चूक निघाली नाही. मग मी बाईंना सगळ्यात लांब व्हिडिओ उघडायला सांगितलं. पडद्यावर तिशीतली एक बाई शांतपणे बोलत होती. "मले कोणाची दया नको. सातबाऱ्यावर माह्यं नाव लावून द्या. वावर मीच करून राहिली."

व्हिडिओ कुठंही न अडकता संपला.

"मी बी हे आजच सलग पायलं," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा अमरावतीहून फोन आला. साहेबांनी व्हिडिओतल्या त्या बाईचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं होतं आणि तिचं नाव लावायचा अर्ज तिथंच लिहून घेतला होता. पेरणीच्या आधी सातबारा तिच्या नावावर झाला.