चार वितींवरून मिठी

देवराव मास्तर वऱ्हांड्याच्या वळणावर कुणावर आदळले, की माफी मागत नसत. टोपी सावरत विचारत, "वजन किती हो तुमचं?" आणि तिथंच भिंतीवर खडूनं हिशेब मांडत. निजामाच्या अमदानीत बीडच्या आमच्या शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवत, मी मराठी.

संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, यावर त्यांचा भारी जीव. "धडकेत एकाचा जातो, दुसऱ्याला मिळतो. हरवत न्हाई," हे ते घरातलं सोनं दाखवावं तसं सांगत.

एकदा हैदराबादहून आलेले नवे हेडमास्तर त्यांच्या वर्गात येऊन बसले. "मास्तर, हा नियम बाहेरचा जोर नसेल तिथला. इथं तर पृथ्वी सारखी ओढतेय. साबित करा, नाहीतर वरचा वर्ग दुसऱ्याला देतो."

वरचा वर्ग म्हणजे मास्तरांचा प्राण. पण ते खुशीत आले. "वढती की, साहेब. पण धडक लागती पापणी लवायच्या आत. तेवढ्यात ती बिचारी काय वढणार? तिचा सगळा कारभार धडकेच्या आधी आन् नंतर."

दुसऱ्या दिवशी लिंबाला दोन झोके टांगले, एकामागं एक. कापसाच्या तराजूवर दोघांना तोललं. मास्तर हलके भरले, म्हणून त्यांच्या खिशात दगड कोंबून बरोबरी केली. पुढच्या झोक्यावर हेडमास्तर, निश्चल. मागच्यावर मास्तर, आणि त्यांना चार वीत वर ओढून धरणारा मी. मास्तरांनी येऊन मिठी मारायची आणि दोघांनी मिळून वर जायचं. किती, ते पुढं रोवलेल्या बांबूवरच्या चुन्याच्या खुणा सांगणार.

"वजन दुप्पट, तर उंची निम्मी. दोन वीत," हेडमास्तर म्हणाले.

"एकच. वजन दुप्पट, म्हणून वेग निम्मा. आन् निम्म्या वेगात उंची पावच मिळती. सोडा, मराठीवाले."

मी सोडलं. धप्प! शेरवानी, धोतर, दगड आणि आवळलेली मिठी, सगळं एकगठ्ठा वर गेलं. एका वितीला दोन बोटं कमी.

"कमी भरलं," हेडमास्तर मिठीतूनच म्हणाले.

"तेवढं दोरानं आन् हवेनं खाल्लं. पण दोन वीत हाय का, सांगा."

हेडमास्तर उतरले. बांबूजवळ वाकून त्यांनी खूण निरखली, शेरवानी झटकली. "वर्ग तुमच्याकडेच राहील."

मास्तर खिशातले दगड काढू लागले. मी झोका उतरवायला दोराला हात घातला, तर हेडमास्तरांनी माझं मनगट धरलं.

"ठहरो. दगड राहू द्या, मास्तर, आणि तुम्ही पुढं बसा. आता वरून मी येतो."