उन्हाला घातलेला बांध

“बंद पडलंय! समदं बंद पडलंय! टाळक्यावर एवढं ऊन हाय आन् बंद पडतंय कसं?”

आमचे थोरले चुलते गच्चीवर सोलरच्या पाट्यांमध्ये उभे राहून थेट सूर्यालाच जाब विचारत होते. त्यांच्या आवाजाबद्दल मी जपूनच बोलतो, कारण खरं सांगितलं की पुण्यातले लोक मला थापाड्या ठरवतात. ते आमच्या नेरे गावात खोकले की कासारसाईच्या धरणावरचे बगळे उडतात. यात वाढवून सांगितलंय ते एवढंच, की सगळे उडत नाहीत. म्हातारे बगळे आता सरावलेत, ते बसून राहतात.

मी खाली गिरणीत होतो. दिवाळी तोंडावर आलेली, चकलीच्या भाजणीचे डबे पार रस्त्यापर्यंत रांगेला लागलेले, आणि माझा डबा सगळ्यांच्या शेवटी. पुतण्या म्हणून पुढं घ्यायची चुलतीची पद्धत नाही. वरून ओरडणं आलं तेव्हाच आम्हाला कळलं की लाईट गेली. कारण गिरणी फिरतच होती. चुलतीला मात्र ते आधीच कळलं होतं. मोटरीचा सूर उतरल्याबरोबर तिनं वर धान्य ओतायचं थांबवलं आणि आत होतं तेवढं चाकाच्या जोरावर दळून घेतलं. शेवटचा दाणा खाली आला आणि मगच चाक थांबलं, जणू तिची परवानगी घेऊन.

या चाकाविषयी सांगायलाच हवं. मी लहान असताना ही गिरणी तेलाच्या इंजिनावर चालायची. तिची पुक्-पुक् शेजारच्या माण गावापर्यंत जायची, आणि त्या ठेक्यावर माणच्या बायका कपडे धूत असत असं माझं ठाम मत आहे. इंजिनाला पुरुषभर उंचीचं बिडाचं चाक होतं. पुढं वीज आली, मोटर बसली. मिस्त्री म्हणाला, आता हे धूड कशाला, काढून टाका. चुलती म्हणाली, ऱ्हाऊ दे. तेव्हा लाईट दिवसातून इतक्या वेळा जायची की आली तरी आम्ही दचकायचो. पण चुलतीची गिरणी लाईट गेल्यावरही फिरत राहायची. एकदा तर लाईट गेली, आम्ही सगळे घरी गेलो, चहा घेतला, परत आलो, तरी चाक आपलं चालूच. एका लग्नाचं अख्खं बेसन त्या फिरण्यावर निघालं. चहा घेतल्याचं मला पक्कं आठवतं. बेसनाचं तुम्ही ठरवा.

गरम पिठात हात घालून उभं राहायचं आणि पट्ट्याची फटक-फटक ऐकायची, हे माझं बालपण. बाजरीवर गहू टाकायचा नाही, डाळीनंतर तांदूळ टाकायचा नाही, हे कायदे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले.

आता मात्र गिरणीचे दिवस भरत आले होते. हिंजवडीनं आमच्या आसपासची शेतं गिळली, लोकांनी खोल्या काढल्या, भाडेकरू पाकिटातलं पीठ आणतात आणि जुन्या घरांत घरघंट्या आल्या. वरून लाईटचा लपंडाव. चुलत्यांना गिरणीच्या जागी दोन खोल्या दिसायला लागल्या होत्या. चुलती ऐकेना. शेवटी त्यांनी भर अंगणात, भाऊबंदांच्या देखत जाहीर केलं: गच्चीवर सोलर बसवतो, म्हणजे लाईट जायचा प्रश्नच मिटला. त्याच्यावरही ही गिरणी दिवाळीच्या दळणात एकदा जरी बंद पडली, तर पाडव्याला पाडायची. नवरा म्हणून त्यांचा शब्द मोडायचा नाही, आणि गिरणीही पडू द्यायची नाही, अशा दुहेरी कामाला चुलती त्या दिवसापासून लागली होती.

आणि भाजणीच्या ऐन गर्दीत, भर दुपारी, गिरणी बंद पडली होती.

चुलते दणादण जिना उतरून आले. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. शेजारी, बांधापलीकडं आमचा भाऊबंद राहतो. त्याच्याशी आमचं वैर धरणाच्या पाण्याच्या पाळीवरून. धरण बांधायच्या आधीपासूनचं आहे म्हणतात. तर त्या भाऊबंदाची बोअरची मोटर त्याही घटकेला खुशाल चालू होती.

“त्याचं चालू आन् आपलं बंद,” चुलते म्हणाले. “ऊन आपल्या पत्र्यावर पडतंय का त्याच्या?”

तेवढ्यात वरच्या खोलीतली भाडेकरू खाली आली. ही हिंजवडीतल्या एका कंपनीत इंजिनिअर. त्या दिवशी घरून काम करत होती आणि मीटिंगच्या मध्येच तिचं नेट गेलं होतं. तिनं मीटरच्या पेटीकडं पाहिलं. मेन स्विच खाली ओढलेला.

“काका, हा कुणी बंद केला?”

“मी,” चुलते म्हणाले. छाती काढून म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. नव्या मीटरवर चुलत्यांना बाहेर जाणारा बाण दिसला होता. सोलर बसवणाऱ्या पोरांनी सांगितलेलं की दुपारची जास्तीची वीज बाहेरच्या तारेवर जाते आणि बिलातून वळती होते. बिलाचं चुलत्यांच्या कानात शिरलं नाही, बाहेर जाते एवढंच शिरलं. तशात भाऊबंदाची मोटर चालू झाली. आयुष्यभर ज्या माणसानं रानात पाण्याची दारं धरली, त्यानं काय करावं? आपली पाळी असताना पाणी शेजारच्या सरीत फुटायला लागलं की माणूस फावडं मारून मातीचा बांध घालतो, आणि पाणी आपल्या वाफ्यात राहतं. चुलत्यांनी तेच केलं. मेन स्विच पाडून त्यांनी उन्हाला बांध घातला. ऊन घरात साठेल, गिरणी दुप्पट पळेल, आणि भाऊबंद कोरडा राहील.

रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी छताकडं बघितलं, कारण हसलो असतो तर आजही रांगेत उभा असतो.

भाडेकरू हसली नाही, हा तिचा मोठेपणा. तिनं जिन्याखालच्या भिंतीवरचा करड्या रंगाचा डबा दाखवला. काका, पाट्यांतून येणारी वीज आपल्या मोटरीला चालत नाही, हा डबा तिला चालेल अशी करून देतो. आत नखाएवढे खटके आहेत, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. पण डब्याला स्वतःचा ठेका नाही. बाहेरच्या तारेवर जो ठेका चालू असतो तो ऐकतो आणि त्यात सूर मिसळतो. बाहेरचं ऐकू येईनासं झालं की, आता स्विच पाडल्यावर झालं तसं, लगेच गप्प बसतो. नाहीतर लाईट गेली म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसेल.

“म्हंजे ऊन आपलं, छप्पर आपलं,” चुलते म्हणाले, “आन् ताल गावाचा?”

“हो.”

“मग गावाला ताल कोण देतंय?”

आता तिला रंग चढला. तिनं चुलतीच्या चाकावर हात ठेवला. म्हणाली, हे. धरणाखालच्या वीजघरात, कोळशाच्या केंद्रात अशीच अवजड यंत्रं फिरत असतात, सगळी एका तालात. कुठं एकदम धक्का बसला तरी त्यांच्या वजनामुळं ताल लगेच ढळत नाही. काकूंनी लाईट गेल्यावर राहिलेलं दळण उतरवलं ना, तसं. पण पुढं सगळीकडं पाट्याच होतील, ही चाकं कमी होत जातील. मग धक्का सावरायचा कुणी, आणि ताल धरायचा कुणी? म्हणून आमच्या कंपनीत आम्ही या डब्यालाच शिकवतोय, दुसऱ्याचा ताल ऐकू नको, स्वतः दे. पोटात चाक असल्यासारखा वाग.

“चाक न्हाई, पर चाकाचं सोंग आणायचं,” चुलती म्हणाली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदा बोलली.

“सोंगच, काकू. पण ते वठवणं फार अवघड जातंय. डब्याला धक्का सोसतच नाही, लगेच जळतो.”

“बिडाचं हाय का त्ये?”

“नाही.”

“मग कसं सोसंल,” चुलती म्हणाली आणि चाकाला लागलेलं पीठ फडक्यानं पुसायला लागली.

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. जगभरातली हुशार माणसं एसीत बसून एका डब्याला जे शिकवत होती, ते आमच्या गिरणीत माझ्या जन्माआधीपासून कोपऱ्यात पट्टा घालून फिरत होतं. त्याच्याच वाऱ्यानं मी लहानपणी केस वाळवलेत. उद्या ते डबे शिकतील, शिकायलाच हवेत, आणि वीज कधी आली, कधी गेली हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. पण डब्याजवळ उभं राहून कुणाचे केस वाळणार नाहीत, आणि सूर उतरला म्हणून कुणाची मूठ धान्यावर थबकणार नाही.

चुलत्यांनी मेन स्विच वर केला. बाहेरची लाईट गेलीच नव्हती, त्यामुळं खोल्यांतले पंखे लगेच फिरले. डबा मात्र गप्प होता. भाडेकरू म्हणाली, तो आधी थोडा वेळ बाहेरचा ताल ऐकेल, खात्री पटली की मिसळेल. चुलते डब्यासमोर हात बांधून उभे राहिले. चुलतीनं त्यांच्याकडं न बघता मोटर चालू केली. चाक आधी कुरकुरलं, मग वेग धरला. पहिलं पीठ खाली पडलं, तसा डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

रांग आता चुलत्यांकडं बघत होती. अंगणात केलेली घोषणा यातल्या प्रत्येकीला पाठ होती. गिरणी दिवाळीच्या दळणात बंद पडली होती, आणि ती कुणी बंद पाडली हेही आता सगळ्यांना माहीत होतं. चुलत्यांनी घसा खाकरला. कासारसाईला त्या क्षणी नक्की काहीतरी उडालं असणार. मग त्यांनी रांगेसमोर छोटं भाषणच केलं. माणसाचं मन मोठं पाहिजे, ऊन काय कुणा एकाच्या बापाचं असतं का, भाऊबंदाची मोटर आपल्या उन्हावर फिरली तर फिरू द्या, आपण आता देणाऱ्यातले, गावाच्या तालात राहायचं. हे बोलत ते चुलतीजवळ येऊन थांबले आणि त्यांच्या मानानं फारच हळू, म्हणजे फक्त अर्ध्या गावाला ऐकू जाईल इतक्या आवाजात, म्हणाले, “तर मग ठरलं. गिरणी ऱ्हाऊ दे.”

चुलतीनं पुढच्या भाजणीचं झाकण काढलं.

“ती ऱ्हाणारच हुती,” ती म्हणाली. “बाजूला व्हा, डबा येतोय.”