जगबुडीने दिलेला निळा ड्रम

भोपाळ होऊन गेल्यावर सगळ्यांनाच एकाएकी कारखान्यांची धास्ती वाटू लागली होती. पुण्यातल्या आमच्या छोट्या सल्लागार कंपनीकडे तेव्हा एक काम आलं. खेडजवळच्या एका रसायन कारखान्याच्या नदीकाठच्या गोदामात पुराचं पाणी शिरलं तर काय होईल, ते पाहून यायचं. ऐन मे महिन्यात कोकणात जायला कुणी तयार होईना. मी झाले. कारण आंबे, पण ते साहेबांना सांगितलं नाही.

एसटीने महाबळेश्वर, पोलादपूर आणि मग कशेडी घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. खेडला स्टँडजवळ स्वस्तात खोली मिळाली. पंखा फिरायचा, वारा द्यायचा नाही. जेवण मात्र झकास, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी. गावालगतच्या जगबुडी नदीच्या काठी मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. लांबूनच बघा.

गोदामाचे व्यवस्थापक निवांत गृहस्थ. गेल्या पावसाळ्यात पाणी शिरून काही ड्रम गेले, हे त्यांनी चहा पाजता पाजता सांगितलं. "अहो, वाहून गेले ते समुद्रात गेले. विषय संपला." मला तो संपलेला वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी नदीच्या कडेने खाली चालत निघाले.

तहान लागली तिथे सखूबाईंचं घर होतं. नवरा मुंबईला नोकरीला, घरात त्या, सासू आणि दोन लहान मुली. त्यांनी पडवीतल्या निळ्या ड्रममधून तांब्या भरून दिला. ड्रमवरची पुसट कवटी दिसली आणि तोंडाशी नेलेला तांब्या मी खाली ठेवला.

"हा कुठून आणलात?"

"आणते कुठला? नदीन दिलान," सखूबाई हसल्या. "हौरात आकडी टाकून ओढला. आत घाण वासाचं कायतरी होतं, ते ओतलं. राखेन घासलाय चांगला."

गावची रीतच तशी. पुरात लाकूड येवो की भांडं, ज्याने ओढून काढलं त्याचं. त्यांच्या दाराची फणसाची चौकटसुद्धा नदीतून आलेली.

मुली रोज तेच पाणी पीत होत्या. कितीही घासलं तरी विष निघत नाही, हा घरात ठेवू नका, असं मी परोपरीने सांगितलं. विहिरीने तळ गाठलेला, आणि मी पाणी साठवायचं एकमेव साधन टाकायला सांगत होते. सासूबाई फणकारल्या, "मग पाणी काय हिच्या पिशवीत ठेवू?"

सखूबाई धाकटीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पोरींच्या तोंडचं हाय, बाय. नको." आणि एवढं पाणी त्यांनी ओतून टाकलं.

संध्याकाळी परतताना पडवी रिकामी दिसली. मला बरं वाटलं. ड्रम फोडलात का, असं विचारलं.

"फोडते कशाला? चांगला होता. ज्याचा त्याला दिला."

"कारखान्याला?"

"कारखान्याचा कसा? नदीचा. ओहोटीबरोबर सोडला."

मी काठावर धावले. नदी शांत होती, आणि पात्रात काहीच नव्हतं.

पुण्याला येऊन अहवालात मी गोदाम वरच्या कातळावर हलवायला सांगितलं, आणि ते हललंही. नकाशावर धोक्याची रेघ मात्र थेट दाभोळच्या खाडीपर्यंत ओढली. एवढ्या लांब पुराचं पाणी नुकसान करतं का, असं साहेबांनी विचारलं. पाणी नाही करत, पण वाहून आलेले ड्रम माणसं ओढून घरात घेतात, मी म्हणाले. तो ड्रम खाली कुणाच्या तरी हाती लागला असणार. तिथे वाटेत तहान लागून माझ्यासारखं कुणी थांबलं का, ते मला कधीच कळलं नाही.