समोरच्यांच्या कॅमेऱ्यातली रांगोळी

समोरच्या काकांनी आमच्या मजल्यावर कॅमेरा बसवला, त्या दिवसापासून माझं आणि त्यांचं बोलणं बंद होतं. कॅमेरा त्यांच्या दारावर होता, पण त्याचं तोंड आमच्या दाराकडे होतं. त्यांचं म्हणणं, पॅसेजमधून चपला जातात, दुधाच्या पिशव्या जातात, पुरावा नको का? माझं म्हणणं, आमच्याकडे कोण येतं, कोण जातं, मी कचऱ्याचा डबा गाऊनवर बाहेर ठेवते की साडी नेसून, हे त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर कशाला दिसायला हवं? सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळ्यांसमोर विचारलं. मी शाळेत गणित शिकवते, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय आहे. त्यानंतर काका मला ‘मॅडम’ म्हणायला लागले. त्याआधी वहिनी म्हणायचे.

माझ्या सासूबाईंना या भांडणात काडीचा रस नव्हता.

“बगूंदे की,” त्या म्हणाल्या. “आपल्या दारात काय चोरीचा माल हाय?”

आमच्या दारात असायची ती सासूबाईंची रांगोळी. पनवेलच्या पलीकडे खाडीलगतच्या गावात आमचं घर होतं, मिठागर होतं, शेणाने सारवलेलं भलंमोठं अंगण होतं. जमीन गेली आणि आम्ही नवीन पनवेलच्या या फ्लॅटमध्ये आलो. अंगणाच्या जागी दारासमोरच्या दोन फरशा आल्या. सासूबाईंनी तक्रार केली नाही, रांगोळी तेवढी लहान केली. पहाटे उठून, पाट टाकून बसायच्या. कधी ठिपक्यांची, कधी वेलाची, कंटाळा आला तर नुसती गोपद्मं. कागदावर कधी उतरवली नाही आणि एकदा काढलेली पुन्हा तशीच काढली नाही. मी शाळेला निघताना तिच्यावर पाय पडू नये म्हणून लांब टांग टाकायचे. बघायचे असं म्हणवत नाही.

मग एका सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप पडला आणि उजवी बाजू गेली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी हात बधिर झाला होता का, जड वाटला होता का, वस्तू सुटत होत्या का? मी म्हटलं, नाही. नवरा म्हणाला, छे, एकदम अचानक. सासूबाईंनीही मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

घरी आलो तेव्हा त्यांची जीभ जड होती, पण बोलणं कळत होतं. पायही थोडा टेकवायला लागल्या. हात मात्र मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून असायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिल्या काही महिन्यांत हाताला जेवढं कामाला लावाल तेवढा तो परत येईल, नंतर अवघड आहे. रोडपालीहून एक मुलगी स्कूटरवरून व्यायाम घ्यायला यायची. तिने दाबायला रबरी चेंडू दिला. सासूबाईंनी तो डाव्या हाताने उचलला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, “कुत्र्याला दे.” मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. आयुष्यभर घराला बोलून बोलून भंडावून सोडणारी बाई दिवसच्या दिवस भिंत बघत पडायला लागली. मला हाताची भीती वाटत नव्हती. या गप्प पडण्याची वाटत होती, आणि फार वाटत होती.

रांगोळीचं मला सुचलं. ताट आणलं, रांगोळीची पुडी आणली, बाजारातून नमुन्यांचं पुस्तक आणलं. त्यांनी डाव्या अंगठ्याने चारदोन पानं उलटली.

“ह्या माझ्या नाय.”

“मग तुमच्या कुठल्या, आई? सांगा, मी कागदावर काढून देते.”

“मना काय ठाव? सकाळी बसलं की हात काढतंय.”

आता हातच काढत नव्हता. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये शोधलं. दिवाळीचे फोटो होते, त्यात पणत्या होत्या, पोरं होती, फराळाचं ताट होतं, आणि रांगोळीचा एक कोपरा कुणाच्या तरी पायाखालून डोकावत होता. इतकी वर्षं रोज एक रांगोळी काढली जात होती आणि आमच्याकडे तिचा धड एक फोटो नव्हता. मी चिडून दार उघडून पॅसेजमध्ये आले आणि सवयीने समोरच्या कॅमेऱ्याकडे रागाने पाहिलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

नाक मुठीत धरून काकांची बेल वाजवली.

“बोला मॅडम,” काका दार अर्धं उघडून म्हणाले.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ते मीटिंगमधलं माझंच भाषण मला ऐकवतील. ऐकवलं नाही. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. “रेकॉर्डिंग महिनाभरच राहतं हो,” ते म्हणाले. “मग जुन्यावर नवं चढतं. आजींना जाऊन तीन आठवडे होऊन गेले ना? म्हणजे हॉस्पिटलात. रोज एक सकाळ पुसली जातेय.” आणि दार तसंच उघडं टाकून आत धावले.

ते टीव्हीवर दिवसभर आमचं दार बघत बसत असतील, असं माझं पक्कं मत होतं. टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती. कॅमेऱ्याचं यंत्र खालच्या कपाटात, क्रोशाच्या रुमालाखाली होतं आणि त्या रुमालावर धूळ होती. काका यंत्रासमोर मांडी घालून बसले आणि पासवर्ड आठवेना म्हणून काकूंना हाका मारायला लागले. माझ्या एवढ्या मोठ्या भांडणाचा थोडा अपमान झाल्यासारखं मला मनातल्या मनात वाटलं.

त्यांनी पेन ड्राइव्हवर घालून दिलेल्या फाइली आमच्या लॅपटॉपवर उघडेनात. एक प्लेअर म्हणे ही फाइल मला ओळखता येत नाही, दुसऱ्यात नुसता हिरवा पडदा आला. मी पुन्हा बेल वाजवली. काका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी सांगितलं की हे यंत्र आपल्याच पद्धतीने चित्रण साठवतं आणि ते त्याच कंपनीच्या प्लेअरवर चालतं. तो प्लेअर त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर होता. आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी बसलो. काकूंनी काही न विचारता चहा टाकला.

पडद्यावर आमचं दार आलं. अंधारातलं, काळंपांढरं. दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. अंधारात चित्र घेणाऱ्या त्या कॅमेऱ्यात त्यांचे डोळे मांजरासारखे चमकले आणि काकू दचकल्या. मग सासूबाईंनी पॅसेजचा दिवा लावला आणि चित्राला एकदम रंग चढला. हिरवं लुगडं, खांद्यावरून घेतलेला पदर, पाट. मी इतका वेळ कामात होते. त्यांना अशा टुणटुणीत बसताना पाहिलं आणि मला हुंदका आला. काकांनी चित्र थांबवलं आणि उगाचच चष्मा पुसत बसले.

आम्हाला हवे होते स्थिर फोटो, मोठे करून समोर ठेवता येतील असे. काकांनी दाखवलं, एक बटण दाबलं की चित्र एक पाऊल पुढे जातं, दुसरं दाबलं की मागे, आणि छोट्या कॅमेऱ्याच्या खुणेवर दाबलं की समोरचं चित्र फोटो म्हणून साठतं. ऐकायला सोपं. चालत्या चित्रात हात स्वच्छ दिसायचा, पण थांबवलं की हाताच्या जागी नुसता पुसट पट्टा. पुढे जा, मागे या, पुन्हा पुढे. रेघ संपवून त्या क्षणभर थांबायच्या, तेवढंच चित्र कामाचं. ती जागा शोधता शोधता मला त्यांची लय कळायला लागली. चिमूट, रेघ, थांबणं. चिमूट, रेघ, थांबणं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी या बाईच्या हाताकडे एवढा वेळ कधीच पाहिलं नव्हतं.

एकेक सकाळ करत आम्ही पुढे सरकत होतो. शेवटच्या काही दिवसांपाशी आलो तेव्हा काकू माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, “डबा इकडे कसा गं?”

रांगोळीचा डबा रोज पाटाच्या उजवीकडे असायचा. या चित्रात डावीकडे होता. आणि रांगोळी सोडणारा हातही डावा होता.

“मिरर झालं असेल,” काका म्हणाले. “कधीकधी सेटिंग बदलतं, मग डावं-उजवं उलटं दिसतं.”

मलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. पण आमच्या दारावर आमच्या आडनावाची पाटी आहे, आणि ती सरळ वाचता येत होती. चित्र उलटं नव्हतं. आम्ही एक एक पाऊल मागेपुढे केलं. उजवा हात पदराखाली, मांडीवर. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, कप पडला त्या दिवसापर्यंत. ठिपके जरा जाड होते, वेल साधा होता, पण रांगोळी पुरी होती. एका चित्रात त्या डाव्या हाताने उजव्याची बोटं चोळत होत्या. ते मी साठवलं. डॉक्टरांना आम्ही सगळ्यांनी मिळून ‘अचानक’ असं सांगितलं होतं.

माझं दुःख लगेच रागात जातं, हा माझा स्वभाव आहे. मी उठले. काका लॅपटॉप उचलून माझ्या मागोमाग आमच्या घरात आले, भांडणानंतर पहिल्यांदाच.

सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. काकांनी पुढे स्टूल ओढून चित्रण लावलं.

“ही म्हातारी कोन?” त्या म्हणाल्या.

“तुम्हीच आई.”

“पदर धड नाय घेतलाय,” त्यांनी स्वतःवरच नाक मुरडलं. पण नजर हलली नाही. हात कसा फिरतोय ते बघताना त्यांचा डावा अंगठा पहिल्या बोटावर घासायला लागला, चिमटीतून रांगोळी सोडल्यासारखा. मी ते पाहिलं आणि तरीही मला थांबता आलं नाही. मी ते साठवलेलं चित्र पुढे आणलं.

“हे काय, आई? हात आधीपासून बधिर होता ना? मग बोलला का नाहीत? डॉक्टरनी विचारलं तेव्हाही नाही म्हणालात. वेळेवर गेलो असतो तर आज हे झालंच नसतं कदाचित!”

माझा आवाज शाळेतला झाला होता. काका दाराकडे बघायला लागले. सासूबाईंनी तोंड फिरवलं नाही. जड जिभेने, सावकाश, एक एक शब्द ठेवत त्या बोलल्या.

“गॅस काढून घेतलास. इळी काढून घेतलीस. जिना काढून घेतलास. हात सांगितला असता, तर रांगोळीबी काढून घेतली असतीस.”

गॅसवर दूध ठेवून त्या विसरल्या होत्या, म्हणून मी त्यांना ओट्यापाशी येऊ देत नव्हते. बोट कापलं म्हणून विळी माळ्यावर टाकली. जिन्यात एकदा चक्कर आली, म्हणून भाजीला खाली जाणं बंद केलं. प्रत्येक वेळी माझं बरोबरच होतं, आजही कुणी विचारलं तर मी तेच करीन म्हणेन. काळजीपोटीच केलं. पण हिशेब त्यांच्या बाजूने मांडला, तर आम्ही काळजी करत गेलो आणि त्यांच्याकडे दोन फरशा उरल्या. त्या राखायला त्या आजारपण लपवून गुपचूप डावा हात शिकल्या होत्या.

डॉक्टरांना मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या बदलल्या आणि सासूबाईंना म्हणाले, “आजी, आता असं लपवायचं नाही.” त्या डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “लपवावं लागणार नाही.”

फोटो त्यांनी फारसे पाहिलेच नाहीत. वरून, कोपऱ्यातून घेतलेले, सगळ्या रांगोळ्या तिरक्या आलेल्या. “वाकड्या हायत,” म्हणून बाजूला ठेवले. पण त्यानंतरच्या सकाळी त्या मला उठवायला आल्या. भिंतीला धरत, पाय ओढत, स्वतः.

“पाट टाक,” म्हणाल्या.

मी दार उघडलं, दिवा लावला, फरशी पुसली, पाट टाकला. त्यांना बसवणं म्हणजे दोघींची कसरत होती. मी मागून काखेत दोन्ही हात घालून त्यांना धरून ठेवलं, कारण उजवीकडे त्यांचा तोल जात होता. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, फरशीवर नेऊन ठेवला, त्याची मिटलेली बोटं एक एक करून उघडली आणि त्याच्यावर भार दिला. तो थरथरत होता. मग डाव्या हाताने चिमूट घेतली.

“सोड,” त्या म्हणाल्या.

“पडाल, आई.”

“पडले तर पडले. सोड गो.”

माझे हात सुटायला तयार नव्हते. त्या तशाच बसून राहिल्या, चिमूट हवेत धरून, रागावल्या नाहीत, मागे वळून पाहिलंही नाही. मी आधी एक हात काढला. मग दुसरा.