पडेल अकरांचे माइकमामा

पाटसच्या माइकमामांना शतक ठोकणाऱ्याचं नाव कधी आठवायचं नाही. कॅच सोडणाऱ्याच्या मात्र आजोळचंही गाव पाठ. ट्रॅक्टरच्या टायरांचे पंक्चर काढणं हा त्यांचा धंदा आणि टेनिस बॉलच्या स्पर्धांत माइकवर बोलणं हा जीव. ऊस तुटला की रिकाम्या रानात पिच पडायची, आणि मामा दुकानाला कुलूप लावून मांडवात येऊन बसायचे.

फायनल झाली की ते जाहीर करीत ‘पडेल अकरा’, म्हणजे सबंध सीझनमधल्या सर्वांत वाईट खेळाडूंचा संघ. निवड अगदी गंभीरपणे चाले. इनामगावचा एक बॉलर दरवर्षी ठरलेला. “इनामगावात जुनं गाव हुडकणाऱ्यांना उकरून जे घावलं न्हाई,” मामा सांगत, “ते ह्याचा वाइड बॉल हुडकून आणतो.” यवतचा विकेटकीपर आला की म्हणत, “ह्याच्या दोन पायांतनं एसटी जाईल. कंडक्टर टपावर बसला तरी डोकं लागायचं न्हाई.”

कोणी रागवायचं नाही, कारण फायनलच्या रस्सा-भाकरीला पहिली पंगत या अकरांची असे. विजेते मागाहून. शिवाय मामांचा एक नियम होता. दोनदा शून्यावर जाऊन घरी बसलेल्याला ते संघात घेत नसत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “अरं, वाईट खेळायला बी रोज मैदानात यावं लागतंय. आन् कप्तानानं रोज घ्यावं लागतंय. एवढा इस्वास तुज्यावर कुणी टाकलाय का?” मी विषय बदलला.

एका वर्षी पंचाईत झाली. बक्षिसाची ढाल देणाऱ्या शेठचा पुतण्या विकी प्रत्येक मॅचला ओपनिंगला गेला आणि प्रत्येक मॅचला पहिल्याच ओव्हरमध्ये परतला. पडेल संघाचा असा देखणा कप्तान मामांना जन्मात मिळाला नव्हता. पण फायनलच्या सकाळी शेठ दुकानात आले. मी तिथंच हवा भरून घेत होतो.

“मामा, पोराचं लग्न जमवतोय. पाव्हणे येणार हायेत मॅचला. त्याचं नाव घेतलंत, तर पुढल्या साली माइक दुसऱ्याकडं.”

“बरं,” मामा म्हणाले, आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिले.

संध्याकाळी त्यांनी दहा नावं घेतली. प्रत्येकावर हशा झाला. मग मामा थांबले. लोक विकीकडे बघत होते, शेठ मामांकडे, पाहुणे चहाकडे.

“अकरावा आन् कप्तान,” मामा म्हणाले, “मी. यंदा माज्यापेक्षा वाईट कुणी खेळलं न्हाई. एक नाव घ्यायचं व्हतं, भ्यालो.”

तेवढ्यात विकी टेनिस बॉललाही हौसेनं बांधलेले पॅड न सोडताच फटक फटक करीत पुढे आला. “मामा, उठा. सगळ्या मॅच मी पडलोय, आन् कप्तान तुमी व्हय?”

सगळ्यात आधी हसले ते पाहुणे. लग्नही जमलं. पण शेठ शब्दाचे पक्के निघाले. पुढल्या वर्षी माइकवर दौंडहून आणलेला निवेदक होता; कोट घालून, हिंदी शेर म्हणणारा. मामा लिंबाखाली सतरंजीवर बसून सगळ्या मॅच मुकाट बघत होते.

फायनल संपली, तसे ते धोतर झटकून उठले. यवतच्या कीपरनं त्यांची वाट अडवली.

“मामा, संघ?”

“माइक न्हाई, बाबा. कुणाला ऐकू जायचं?”

“मग काय झालं? आमी जवळ येतो.”

आणि माणसं खरंच जवळ आली. आधी पडेल, मग त्यांचे जोडीदार, मग बायको शेजारी घेऊन विकी. मामांनी घसा खाकरला आणि अकराव्या नंबरापासून सुरुवात केली. मी मागं वळून पाहिलं. मांडवात शेठ ढाल हातात धरून उभे होते, आणि ती ज्यानं घ्यायची तो विजेता कप्तान इकडे आमच्यात चवड्यांवर उभा राहून, मान उंच करून ऐकत होता. त्याच्या शेजारी कोट काखेत मारून दौंडचा निवेदक.