बिनतेलाची अकरा वर्षं

"चरबी ती चरबी, तिच्यात सोयरी कोण न् वैरी कोण असं काही नसतं," असं उमाबाई एकदा म्हणाल्या होत्या, आणि समोरच्या बायकांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

देवासात कुणाच्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसला, की त्या घरची बाई पुढच्या गुरुवारी दुपारी उमाबाईंच्या स्वयंपाकघरात येई. जिरं-मोहरी कोरड्या कढईत भाजायची, कांदा पाण्याचे हबके मारत परतायचा, वांगं वाफेवर. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्यासाठी, तात्यासाहेबांसाठी, त्यांनी ते एकटीनं शोधून काढलं होतं.

तात्यासाहेब वीज मंडळात होते. घराणं जुन्या दरबारातलं, मराठ्यांचं. नोकरी साधी, जीभ मात्र दरबारीच राहिली. त्यांचा चुलतभाऊ गणोजी पंधरा दिवसांनी नेमावरहून पहिल्या बसनं यायचा, ओल्या गोणपाटात नर्मदेचा रोहू घेऊन. मग एका वर्षी तात्यासाहेबांचं ब्लडप्रेशर वाढलं, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, तेल-तूप कमी करा. उमाबाईंनी कमी केलं नाही, बंद केलं. कमी म्हणजे किती, हे रोज कोण ठरवणार? बंद म्हणजे बंद, त्यात हात चळत नाही.

गणोजी दारात आला तेव्हा त्यांनी उंबऱ्यावरूनच सांगितलं, "भावजी, आता आमच्याकडे नाही."

आतून तात्यासाहेब ओरडले, "गण्या, मासा आत येऊ दे, तू बाहेर थांब."

सगळे हसले. मासा परत गेला. त्याच हिवाळ्यात अळशीची चटणीही गेली. बी आहे म्हणजे तेल आलंच.

अकरा वर्षं. लग्नाच्या पंगतीत नवऱ्याचा डबा त्यांच्या मांडीवर असे, आणि त्याच डब्यातलं त्याही जेवत. इतकं जपूनही तात्यासाहेबांना जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाप लागू लागली. हृदय दाबतं नीट, पण सैल होत नाही, ताठर झालंय, असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. उमाबाईंनी मग दुधावरची उरलीसुरली सायही काढली. शेवटच्या महिन्यात पाय सुजलेले तात्यासाहेब खुर्चीतून म्हणाले, "उमे, एक तुकडा. शेपटीकडचा दे, पाप कमी लागेल."

"बरे व्हा, मग," त्या म्हणाल्या.

ते बरे झाले नाहीत. उमाबाईंनी तेराव्यानंतरच्या गुरुवारी वर्ग पुन्हा सुरू केला. माझा माणूस गेला, तुमचे तरी राहोत, एवढंच म्हणाल्या.

त्यांची मुलगी शिवांगी तेव्हा कॉलेजात होती. पुढे ती पुण्याला संशोधनात गेली, हृदयाच्या पेशींवर. आई फोनवर विचारायची, काम काय करतेस? शिवांगी म्हणायची, उंदीर सांभाळते. चार वर्षं तिनं एवढंच सांगितलं. जास्त का सांगत नाही, हे तिला ठाऊक होतं.

यंदा फाल्गुनात ती घरी आली आणि गुरुवारी कांदे चिरायला बसली. शेजारची नीतू, जिच्या नवऱ्याला नुकताच झटका येऊन गेला होता, म्हणाली, "शिवांगीदीदी, तुम्ही तर दिल पे ही रिसर्च करता ना? हमें भी कुछ सांगा की."

"काही नाही गं. उंदीर."

"चूहों का भी दिल टूटता है क्या?" सुभद्रा म्हणाली. बायका खिदळल्या.

"सांग की," उमाबाई म्हणाल्या. "मलाही कळू दे."

शिवांगीनं सुरी खाली ठेवली. तिनं अगदी थोडं सांगायचं ठरवलं होतं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, ती म्हणाली, कानासारखे. चरबीतली काही मेदाम्लं आली की त्यांतला एक कान ती ओळखतो आणि आत निरोप जातो, की सूज आवर. जळण म्हणून नव्हे, निरोप म्हणून. ज्या उंदरांमध्ये हा कान नव्हता, त्यांची हृदयं आजारात जास्त बिघडली. सैल होईनात.

"कुठली चरबी ती?" नीतूनं विचारलं.

"मासळीतली. थोडी अळशीतली."

"लो, सुभद्रा भाभी," नीतू म्हणाली, "तुमच्या ब्राह्मण दिलाला अळशीच मिळणार."

या वेळी कुणी हसलं नाही. बायका उमाबाईंकडे बघत होत्या.

उमाबाईंनी गॅस बंद केला. "ताठर होतात?" त्यांनी विचारलं.

"उंदरांची, आई. माणसांचं अजून नक्की नाही. आणि बाबांना साखर होती, ब्लडप्रेशर होतं..."

"ते मला माहीत आहे. मी त्यांना कोरडं ठेवलं. त्यानं लवकर गेले का? हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"तसं सांगता येत नाही."

"तुला काय वाटतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. शिवांगीच्या ओठांवर ते आलंही. पण चार वर्षं ती रोज काचेखाली तेच बघत होती, आणि खोटं बोलायला लागतो तेवढा क्षण तिनं घालवला. आईनं तो क्षण पाहिला.

"आई, तू जे केलंस ते..."

उमाबाईंनी पदराला हात पुसले. नीतूच्या वहीवरून पाय न लागू देता त्या पलीकडे गेल्या, चपला घातल्या आणि उन्हात बाहेर पडल्या.